दुसरी बाजू

आमच्या सोसायटीत काकांना सगळे 'पंचेचाळीस' म्हणतात. वयाचा संबंध नाही, वय 69 आहे. हा त्यांच्या तबकड्यांचा वेग, मिनिटाला 45 फेरे. सात इंची सिंगल. या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक. बोनी एम या जर्मन डिस्को गटाच्या सिंगल्सनी काकांचं अख्खं कपाट भरलंय आणि काकूंच्या साड्या पलंगाखाली गेल्यात. पहिली तबकडी बोटीवरच्या मामेभावानं 1978 साली हॅम्बुर्गहून आणली. त्यानं घड्याळही आणलं होतं, ते काकांनी कधीच हरवलं.

एकदा मी सहज म्हणालो, "काका, ते 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लावा ना." चूक माझीच.

काकांनी आधी साबणानं हात धुतले. तबकडी पाकिटातून काढली ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरून, जसं गरम धिरडं उचलावं. मधलं भोक मोठं, म्हणून खुंटीवर पिवळी चकती बसवली. फुंकर मारली. मग सुई हातात धरून विचारलं, "कुठली बाजू?"

"म्हणजे?"

काका खाली बसले. काका बसले की घरी जेवायला थांबू नका असा फोन करून टाकावा.

"अरे, इंग्लंडात ही बाजू पाच आठवडे पहिल्या नंबरावर होती. मग घसरली. आता संपलं, म्हणाले सगळे. तेवढ्यात रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. मागे 'ब्राउन गर्ल इन द रिंग'! तीच तबकडी परत चढत चढत दुसऱ्या नंबरावर! वीस लाखांवर खपली, नुसत्या इंग्लंडात!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा, की कमिशन त्यांनाच मिळालं असावं. नंतर मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, 1970चं, शब्द बरेचसे बायबलातल्या 137व्या स्तोत्रातले, वगैरे वगैरे. मध्ये काकू दोनदा चहा देऊन गेल्या. सुई अजून हवेतच होती.

भाचीच्या हळदीला डीजेनं बोनी एमचं 'रास्पुतिन' लावलं, तर हे त्याच्या टेबलापाशी. "बाळा, ही 2021ची मिसळ आहे. मूळ 1978चं ऐक, सहा मिनिटांच्या आसपास आहे." बाळानं आवाज वाढवला. काका हातवारे करत बोलत राहिले आणि लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, काका नाचतायत. चार बायका येऊन सामील झाल्या.

त्यांना दुखवायचं असेल तर एकच वाक्य पुरतं: बोनी एमचा बॉबी फॅरेल गातच नव्हता. हे खरं आहे. रेकॉर्डवरचा तो खर्जातला पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियनचा; बॉबी नाचायचा आणि ओठ हलवायचा. बायकांचे आवाज लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेटचे, मेझी विल्यम्सचा नाहीच. जर्मनीत यावरून केवढा गहजब! काकांना ते सगळं पाठ आहे आणि कुणी काढलंच तर ते शांतपणे विचारतात, "देव आनंद गायचा का रे?"

यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. मलाही नाही.

30 डिसेंबरला मात्र प्लेअर बंद असतो. 1916 साली त्या तारखेला सेंट पीटर्सबर्गमध्ये गाण्यातल्या त्या रास्पुतिनला मारलं, आणि 2010 साली त्याच तारखेला त्याच शहरात, आदल्या रात्री कार्यक्रम करून हॉटेलवर परतलेला बॉबी गेला. काका हे फार हळू आवाजात सांगतात. त्या दिवशी घरात गोडधोड नसतं, आणि त्याच दिवशी वाढदिवस असलेली सूनबाई गेली कित्येक वर्षं केक माहेरी कापते.

गणपतीत आरतीला काका सगळ्यांच्या पुढे उभे असतात. डोळे मिटलेले, मान डोलतेय, एकेका शब्दाला ओठ अचूक हलतात. आवाज मागे उभ्या असलेल्या काकूंचा असतो.