चाळीस क्विंटलची केस

कंपन्यांच्या साहेबलोकांना व्यवस्थापन शिकवून मी पोट भरतो, हे आमच्या वऱ्हाडातल्या वलगावात समजावून सांगणं त्या साहेबांना शिकवण्यापेक्षा अवघड आहे. मायनं तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सायेबाईले शिकवतं? मंग न शिकता ते सायेब झाले कसे?" वीस वर्षं झाली, उत्तर शोधतो आहे.

लोणावळ्याचं रिसॉर्ट, गळ्यात पट्टे अडकवलेले तीस साहेब आणि जेवणानंतरचं सत्र. पनीर, गुलाबजाम, वरून एसी. सव्वादोनला पहिली मान कलते. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. गेल्या खेपेला पाचपैकी मला ३.८ आणि गुलाबजामला ४.६ मिळाले. कंपनीनं पुढच्या वर्षी दोघांनाही बोलावलंय, यातच आनंद.

तसा या धंद्याला वऱ्हाडाचा हात लागलेला आहे. साहेबांना शिकवणारं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज १९५६ साली हैदराबादेत निघालं आणि थाटलं 'बेला व्हिस्टा' या वाड्यात. वाडा निजामाच्या थोरल्या मुलाचा. त्याची पदवी 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र. वऱ्हाडचा कारभार तेव्हा केव्हाचाच इंग्रजांकडे. काम दुसऱ्याकडे आणि पदनाम आपल्याकडे! कॉलेजला याहून योग्य वास्तू मिळाली नसती.

त्याच १९५६ च्या २० डिसेंबरला आमच्या पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. समोर दिवसभर राबून आलेली माणसं, ना एसी ना गुलाबजाम, तरी झोपायची कुणाची टाप नव्हती. कारण बाबा सांगण्यापेक्षा विचारत जास्त. समोरच्याच्या तोंडून उत्तर काढून घेत. हार्वर्डात याला केस पद्धत म्हणतात आणि फी डॉलरात घेतात. मला हे कळायला मात्र शेजारचे काका भेटावे लागले.

मागच्या दिवाळीत त्यांनी मला पारावर धरलं. "तू मोठमोठ्या सायेबाईले निर्णय घ्याले शिकवतं म्हणे. मंग मले सांग, घरात चाळीस क्विंटल कापूस हाये. आता इकू का ठिऊ?"

मी घसा साफ केला. बाजाराचा कल, साठवणुकीची जोखीम, रोखीची गरज असं सगळं सांगून म्हणालो, "काका, ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"हे सांगाले तुले इमानाचं तिकीट देतेत?"

पार हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

पुढच्या लोणावळ्याला मी स्लाईड बंद केल्या आणि काकांचा कापूस साहेबांपुढे ओतला. जेवणानंतर, मुद्दाम. दीड तास नुसती हाणामारी. मार्केटिंगवाले म्हणाले ठेवा, फायनान्सवाले म्हणाले विका, एकानं गोदाम भाड्यानं घ्यायला लावलं. एकही मान कलली नाही. अखेर कुणीतरी म्हणालं, "सर, पण त्यांनी केलं काय?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"इकला ना बापा, कवाचाच! तू इकडून गेला अन् तिकडून कृषी केंद्रवाला उधारी मागाले दारात उभा. मले कोनं इचारलं, इकतं का ठिवतं म्हनून?"

हॉलमध्ये एसीचा आवाज ऐकू यायला लागला. फळ्यावर आमचे सात पर्याय होते. मागच्या रांगेतून फायनान्सच्या साहेबांनी हात वर केला.

"सर, उधारीवर व्याज किती होतं?"