‘विजेते ओळखा’ : एक शास्त्रशुद्ध पद्धत

आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. गणपतीत सोडत निघते : पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं इस्त्री, तिसरं स्टीलचा डबा. त्याला जोडून सांस्कृतिक समितीची ‘विजेते ओळखा’ स्पर्धा. तीन फ्लॅटचे नंबर क्रमानं लिहून बंद पाकिटात द्यायचे. अशा वेळी कुलदैवताला साकडं घालण्याआधी क्रमचयाची, म्हणजे अकरावीत ‘पर्म्युटेशन’ म्हणून घोकलेल्या प्रकरणाची, आठवण काढावी.

एक वही घ्यावी. मुलाची गणिताची चालेल, ती बहुधा कोरीच सापडते. मिक्सरला दावेदार चोवीस. एक गेला की इस्त्रीला तेवीस, डब्याला बावीस. २४ × २३ × २२ = १२,१४४. इतक्या क्रमांपैकी एक तुमच्या पाकिटात आहे, म्हणून संभाव्यता १२,१४४ त एक. हा आकडा घरात सांगू नये.

क्रम नको, नुसते तीन फ्लॅट बरोबर आले तरी पुरे, असं ठरलं तर सहानं भागावं, कारण तीन नंबर सहा तऱ्हांनी मांडता येतात. २,०२४ त एक. बरं वाटतं, पण समिती ऐकत नाही.

क्रमाचा हा हट्ट जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ हे प्रकरण याच उद्योगाचं. दहा हातांच्या शंकरानं दहा वस्तू हात बदलून धरल्या तर रूपं किती? ३६,२८,८००. रोज एक मूर्ती घडवली तरी शिल्पकाराला नऊ हजार नऊशेवर वर्षं लागतील, आणि मजुरीचं कोणी बोलायचं? विष्णूचं मात्र आटोपशीर : शंख, चक्र, गदा, पद्म, हात चार, रूपं ४ × ३ × २ × १ = २४. केशव, नारायण, माधव ही संध्येतली चोवीस नावं तीच. आयुधांचे हात बदलले की नाव बदललं. पिढ्यान्‌पिढ्या लोक पळीभर पाण्याबरोबर क्रमचय गिळत आले, कोणाला ठसका लागला नाही.

सोडतीच्या दिवशी पुढं बसावं. काढलेली चिठ्ठी खजिनदार परत डब्यात टाकत असतील तर हिशेब २४ × २४ × २४ = १३,८२४ होतो आणि तिन्ही बक्षिसं एकाच घरी जाऊ शकतात; मग त्या घरी वाटीभर साखर मागायला कोणी जात नाही. चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या हव्यात. एकच चिठ्ठी चुरगळलेली असेल आणि काढायला अध्यक्षांचा नातू असेल, तर वही रद्दीत घालावी.

गेल्या वर्षी मी ७, १९, ३ लिहून दिले होते. पहिली चिठ्ठी निघाली, सात. माझी संभाव्यता एका झटक्यात ५०६ त एकवर आली. दुसरी, एकोणीस. आता बावीसात एक. तिसरी, तीन! मी खुर्चीवर चढलो. खजिनदारांनी चष्मा सावरत विचारलं, “काका, उत्सुकता राहावी म्हणून आम्ही शेवटच्या बक्षिसापासून काढतो, माहीत नाही का?” मिक्सर तीन नंबरला गेला होता. माझ्या कागदावर ‘प्रथम, द्वितीय, तृतीय’ असं माझ्याच अक्षरात होतं, खाली दोनदा रेघ मारून.