आमचा गोडा सागर

मुंबईकराला मरीन ड्राइव्हचं कोण कौतुक! साडेतीन किलोमीटरचा कठडा, पाठीमागच्या आर्ट डेको इमारती तर २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. आम्हा राहुरीकरांचा सागर गोडा: मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर, २६ टीएमसीचा. दरवाजे उघडले की अख्खा तालुका बारागाव नांदूरला लोटतो. एका हातात तिखट-मीठ चोळलेलं कणीस, दुसऱ्यात मोबाइल, आणि पाण्याकडे पाठ. मुंबईचा समुद्र रोज दोनदा भरतो, कुणी नारळ फोडत नाही. आमचा भरला की जलपूजन. पुढारी दोन असतील तर पूजाही दोन. ओहोटी मात्र चंद्रावर नाही, खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडायच्या आदेशावर लागते. अरबी समुद्रावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही, म्हणून ती मंडळी कठड्यावर एवढी निवांत बसतात.