कूलंटचा दिवा लागल्यास: नवशिक्या व्हॅनमालकांसाठी

पायरी पहिली. डॅशबोर्डवर कूलंटचा लाल दिवा लागला की त्यावर टिचकी मारा. उपयोग शून्य, पण मागच्या मंडळींना धीर येतो. मग गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा.

पायरी दुसरी. कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका. पसरणीच्या घाटात गाडी थांबली की ‘उघडा की राव, काय होत न्हाई’ म्हणणारा कुणीतरी उगवतोच. त्यालाच उघडायला सांगा. तो लगेच उसाच्या दरावर बोलू लागेल. टाकीतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांपुढेही उकळत नाही, आणि झाकण सैल केलं की तेच तोंडावर उसळतं. घाटमाथ्यावरची पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. उघड्यावर तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून झाकणाचं रबर गेलेली गाडी घाटाच्या माथ्यावर लवकर रुसते. इंजिन पुरतं निवू द्या.

पायरी तिसरी. टाकीत डोकावा. हसू नका, ही पायरी गाळून थेट सेन्सर बदलणारे कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत भेटतील. पाणी खरंच कमी असेल तर सेन्सर निर्दोष. होजपाइप, क्लिपा, वॉटर पंप बघा. गळती कुठेच नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि डिपस्टिकला दुधाळ ऑइल? मग बहुधा हेड गॅस्केट गेलं. मार्गदर्शिका मिटा आणि मिस्त्री गाठा.

पायरी चौथी. टाकी भरलेली, तरी दिवा लागलेलाच. आता सेन्सरवर संशय घ्या. काही गाड्यांत चुंबकाचा तरंगता गोळा असतो. काहींत धातूच्या दोन काड्या, ज्यांच्यामधल्या पाण्यातून बारीक वीज वाहते. वाळवा-मिरजेकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, आणि तिथल्या बोअरचं खारं पाणी आपण वर्षानुवर्षं टाकीत ओततो. काड्यांवर पांढरी पुटं चढतात, गोळा अडकतो, आणि शिव्या सेन्सरला. काड्या घासा, सॉकेटमधला हिरवा गंज खरवडा, निम्मं कूलंट नि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा.

पायरी पाचवी, वायरमनची. काही गाड्यांत तारा पिळल्या की दिवा विझतो, काहींत तोडल्या की. तो दोन्ही करून बघतो. दिवा कायमचा विझतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

अशी गाडी विकायची झाल्यास ट्रायल सांगली ते मिरज द्यावी. रस्ता सपाट आहे.