मेटलमामा

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा पट्टा. इथं यंत्रमागाच्या खडखडाटात झोप लागते आणि माग बंद पडला की जाग येते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला हेवी मेटल आवडलं तर त्यात त्याचा काय दोष, असा मेटलमामांचा सवाल असतो.

मेटलमामा हे एकट्या माणसाचं नाव नव्हे, ही जात आहे. वय साठीपलीकडे, केस पुढून गायब आणि मागून मानेवर, अंगात काळा टी-शर्ट. त्यावर आयर्न मेडन बँडचा एडी, म्हणजे डोळे वटारलेला सांगाडा. विकत घेतला तेव्हा एडी उपाशी दिसायचा. आता मामांच्या पोटावर ताणून चांगला खात्यापित्या घरचा वाटतो. मामी तो टी-शर्ट उलटा करून वाळत घालतात, कारण शेजारचं पोर त्याला बघून जेवत नाही. पलीकडच्या घरातली सून मात्र तोच दाखवून पोराला भरवते.

मामांचं दैवत म्हणजे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी. त्याची कथा ते कीर्तनकाराच्या रंगात सांगतात. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय 17, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यानं तारा दाबायची बोटं नेमकी तीच! गड्यानं साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पुढं तारा सैल लावल्या, आणि त्यातून तो जड, दबका आवाज निघाला. इथं मामा थांबून आपल्या हाताकडं बघतात. धोट्यानं त्यांचंही एक नख कायमचं नेलंय. “आपल्यातलाच माणूस तो,” म्हणतात. मला हे पटतं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघालेलं संगीत खासबागेत परकं कसं ठरणार?

बाकी सगळ्यांचा आक्षेप एकच: हे वय आहे का? त्यावर मामांकडं जन्मतारखांचा तोफखाना तयार असतो. मिक जॅगर 1943चा, डीप पर्पलचा गिलन 1945चा. “मी 64चा. त्यांच्यापुढं मी कार्टं हाय की वो!” गाणारे सत्तरी-ऐंशीचे असताना ऐकणाऱ्यानं साठीत लाजायचं, हा न्याय त्यांना समजत नाही.

यात्राही झाल्यात. 17 मार्च 2007ला आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा मामा “सोयरिकीचं बघून येतो” सांगून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसले. 30 ऑक्टोबर 2011ला मेटॅलिका त्याच शहरात वाजवून गेली, तिलाही हजर. वास्तविक 1991च्या काळ्या अल्बमपासून मेटॅलिका बाजारात बसली, असं त्यांचं ठाम मत; पण देव बाटला म्हणून वारी चुकवायची नसते. मे 2025मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन’ रोझेस झाले. तिथं ऐन गिटारच्या सोलोत मामा पाण्याची बाटली शोधत होते. रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली होती.

त्याच वर्षी जुलैत ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. 5 तारखेला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून शेवटचं गायला आणि 22ला संपला. मामांनी दहा दिवस दाढी केली नाही. चौथ्या दिवशी गल्लीतल्या आजी विचारपूस करायला आल्या.

“कोण गेलं वो?”

“बर्मिंगहॅमचे.”

“वय काय हुतं?”

“शहात्तर.”

“मग सोनं झालं की. आजारी हुते?”

“पार्किन्सन.”

“पोरंबाळं मार्गी लागलीत न्हवं?”

“मुलगी टीव्हीवर असते.”

आजींचं समाधान झालं. चहा घेऊन, मामींना “जपा त्यांना” सांगून गेल्या. मामींनी कपाळावर हात मारला, पण दहाव्या दिवशी गोडधोड मात्र केलं.

विसंगती विचाराल तर भरपूर. गणपतीत डॉल्बी कपिलेश्वर तलावाकडं निघाला की खिडक्या लावून ‘काय हा धांगडधिंगा’ म्हणून पहिली तक्रार मामांची. कान अधू झालेत. डॉक्टरांना ते मागाचं कारण सांगतात, मामी गाण्यांचं सांगतात, आणि दोघांचं भांडण मामांना नीट ऐकू येत नाही.

खरी गंमत नातवापाशी. मामा तरुणपणी रॉक लावायचे तेव्हा त्यांचे वडील, गायक वझेबुवांच्या बेळगावातले कट्टर नाट्यसंगीतवाले, “आमच्या वेळचं गाणं राहिलं नाही” म्हणून खुर्ची उचलून अंगणात जात. आता नातू संगणकावर बनवलेलं काहीतरी लावतो, आणि मामा तीच खुर्ची उचलून त्याच अंगणात जातात. नातू डीप पर्पलला ‘आजोबांची जुनी गाणी’ म्हणतो. रेडिओवर सकाळी सहाला लागतात तसली काहीतरी, अशी त्याची समजूत आहे. हा घाव मामांना मेटॅलिकाच्या काळ्या अल्बमपेक्षा जिव्हारी लागलाय.

रविवारी खासबागच्या बाजारात भाजीची पिशवी घेतलेला एडी दिसला तर खुशाल बोला, माणूस गोड आहे. वय विचारलंत तरी रागावणार नाहीत. फक्त आवडता गिटारवादक कोण, हे विचारू नका. परतीची शेवटची गाडी चुकेल.