फोटो हळदीचा, राबतं जस्त

एखाद्या वनस्पतीचा अर्क काढायचा, त्याचे नॅनोकण करायचे, ते कार्बोपॉलच्या जेलमध्ये घोटायचे आणि जेलला उन्हाशी लढायला पाठवायचं, हा देशभरच्या एम.फार्म. प्रबंधांचा सध्या लाडका विषय आहे. विद्यार्थी बदलतो, पाला बदलतो. यंदा कोरफड, पुढच्या वर्षी डाळिंबाची साल, त्यानंतर शेवगा. निष्कर्ष मात्र ठरलेला: जेल स्थिर आहे, दिसायला छान आहे आणि उन्हापासून उत्तम संरक्षण देतं.

आमच्या जोडशहराला या विषयाचं वावडं असायचं कारणच नाही. हुबळीत विद्यानगरला के.एल.ई.चं फार्मसी कॉलेज, धारवाडात सोनिया ट्रस्टचं, शेजारी कृषी विद्यापीठ, आणि दीड-दोन तासांवर दांडेलीचं जंगल. पाल्याला तोटा नाही. उन्हालाही नाही. इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. मे महिन्यात आपण टोपी घालतो. ऑगस्टात धारवाडवर ढग असतात, म्हणून ऊन नाही असं समजून मोकळे होतो. अतिनील किरणांपैकी बरेचसे ढगांतून खाली उतरतात, पण त्यांनी अंग तापत नाही, त्यामुळे कुणी त्यांना मोजत नाही.

मोजायचा प्रश्न निघालाच आहे, तर जेलचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा, कसा मोजतात ते पाहू. इथे मन्सूर यांचं समीकरण लागतं. धारवाडकरांनी लगेच कान टवकारू नयेत. हे गायक मल्लिकार्जुन मन्सूर नव्हेत, ब्राझीलमधले आहेत. १९८६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही सोपी रीत दिली. जेल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, क्वार्ट्झच्या कुपीत भरायचं, यंत्रात ठेवायचं आणि २९० ते ३२० नॅनोमीटरपर्यंत दर पाचावर, म्हणजे सात ठिकाणी, किती प्रकाश शोषला जातो ते पाहायचं. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि शेवटी दहाने गुणायचं. झाला एसपीएफ.

त्या सगळ्या वजनांची बेरीज एक येते. म्हणजे समीकरणाचा अवतार उतरवला की उरतं इतकंच: सरासरी शोषण गुणिले दहा. शोषण दोन आलं तर एसपीएफ वीस, तीन आलं तर तीस. आता अल्कोहोल निम्मं घाला. द्रावण दाट झालं, शोषण वाढलं, एसपीएफ जवळजवळ दुप्पट! जेल तेच, पाला तोच. म्हणून कुपीत द्रावण किती दाट असावं हे आधी ठरवून घ्यावं लागतं. तो ठराव हलला की आकडाही हलतो. ही रीत हाताशी असेल तर कडक चहालाही एखादा सभ्य आकडा मिळेल, कारण चहातली कषाय द्रव्यंही अतिनील किरण शोषतात. शिवाय ३२० च्या पुढे ४०० पर्यंतच्या किरणांकडे, म्हणजे त्वचा काळवंडवणाऱ्या आणि सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीए किरणांकडे, हे समीकरण ढुंकूनही पाहत नाही.

प्राथमिक चाळणी म्हणून ही रीत वाईट नाही, स्वस्त आहे. पण खरी परीक्षा माणसाच्या पाठीवर होते. आयएसओ २४४४४ या मानकाप्रमाणे किमान दहा माणसं घ्यायची, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावायचं, सूर्यासारख्या दिव्याचा प्रकाश पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी लाली पाहायची. याला पैसा लागतो, नैतिकता समितीची परवानगी लागते. कुपीला यातलं काही लागत नाही.

नॅनोकणांची गंमत आणखी निराळी. प्रबंधात मोठ्या कौतुकाने आलेख असतो: फ्रँझ सेलमध्ये, म्हणजे कातडीच्या जागी पडदा बसवलेल्या उपकरणात, आठ तासांत इतका अर्क पडद्याच्या पलीकडे गेला. अहो, ऊन अडवणारा माल कातडीच्या वर राहायला हवा! राखणदार वेशीवर हवा. तो गावात खोल शिरला याचा आनंद चोराला. आत जाऊन अँटिऑक्सिडंट म्हणून काम करणार असेल तर तसं म्हणा, तेही काम उपयोगाचंच आहे. मग त्याला एसपीएफ म्हणू नका.

कागदोपत्रीही परिस्थिती फारशी हिरवी नाही. अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या मान्य सूर्यरक्षक द्रव्यांच्या यादीत एकाही वनस्पतीचा अर्क नाही. म्हणूनच बाजारातल्या 'हर्बल' सनस्क्रीनची मागची बाजू वाचलीत तर बहुधा झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं संयुग, सापडतं, नाहीतर एखादं लांबलचक रासायनिक नाव. ऊन अडवतं ते, वेष्टनावर फोटो हळदीचा. नॅनोची खरी कमाईसुद्धा त्या जस्ताच्याच खात्यात आहे: कण शंभर नॅनोमीटरच्या आत आले की चेहऱ्यावर चुन्यासारखा पांढरा थर दिसत नाही.

मोठ्या कंपन्याही या आकड्यावरून भांडतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर आणि होनासा यांचा सनस्क्रीनच्या जाहिरातीवरून वाद थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मुद्दा हाच, की ५० लिहिलेलं खरंच ५० असतं का.

तेव्हा ट्यूब घेताना पुढची बाजू सोडा आणि मागची वाचा. ऊन अडवणारं द्रव्य कोणतं, यूव्हीएचा उल्लेख आहे का, आणि एसपीएफ माणसांवर मोजलाय की कुपीत, हे दुकानदाराला विचारा, कंपनीला लिहा. उत्तर मिळालं नाही तर त्याच पैशात एक चांगली काळी छत्री घ्या. ती ऑगस्टातही चालते.