सुप्याचे बेट

मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य हे बारामती तालुक्यात, सुपे गावाजवळ असलेले गवताचे बेट होय. स्थापना 1997, क्षेत्रफळ 5.14 चौरस किलोमीटर. नाव मोरगावच्या मयूरेश्वराचे, कीर्ती मात्र चिंकाऱ्याची. मोरांनी याबद्दल अद्याप हरकत घेतलेली नाही. चारी बाजूंना समुद्राच्या जागी शिवारे, वस्त्या आणि डांबरी रस्ते आहेत.

तुलनेसाठी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचे उत्सिरा बेट घ्यावे. तेही जेमतेम 6 चौरस किलोमीटरचे. झाडी विरळ, वारा भरपूर, माणसे दोनशेच्या आसपास. तिथेही लोक गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी पाहायला जातात आणि आजवर 300हून अधिक जाती नोंदवून बसले आहेत. उत्सिराला उत्तरेकडे एक आणि दक्षिणेकडे एक अशी दोन बंदरे आहेत. वाऱ्याचा रोख पाहून बोट सोयीच्या बंदरात लागते. सुप्याला ही चैन नाही. पुण्याहून येणाऱ्याने सोलापूर महामार्गावर चौफुल्याला वळायचे. वारा कुठलाही असो, वळण तेच. चौफुल्याच्या लावणीच्या कला केंद्रांत ज्यांची बोट लागते, ते प्रवासी अभयारण्यापर्यंत पोचल्याचे सहसा आढळत नाही.

बारामती म्हटले की परगावच्या माणसाला ऊस दिसतो. तो नीरेच्या कालव्याखालचा. सुपे पडले जिरायत पट्ट्यात. मोसमी वारे आपला बहुतेक ऐवज सह्याद्रीवरच रिकामा करून इकडे येतात. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी साल बरे म्हणायचे. ‘जनाई उपसा योजनेचे आवर्तन कधी सुटणार?’ ही येथील हवामानाची चौकशी.

जमीन हलक्या चढउतारांची, मुरमाड. मातीचा थर इतका पातळ की झाडाने मूळ धरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तो करूनही जी राहिली ती हिवर, बाभूळ, बोर आणि खैर. बाकी राज्य गवताचे. सरकारदप्तरी अशा माळांना पिढ्यान् पिढ्या ‘पडीक’ म्हटले गेले, ही त्या दप्तराची नजर; गवताचा तीत दोष नाही.

कुसळी या गवताकडे जवळून पाहावे, कारण न पाहिल्यास ती स्वतः जवळ येते. तिच्या बीला पुढे टोक असते आणि मागे पीळदार कूस. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. जमीन आणि पायमोजा यांतला फरक तिला ठाऊक नाही.

बेटाचे मूळ रहिवासी चिंकारे. खांद्याशी उंची 65 सेंटिमीटरच्या आसपास, वजन वीस-बावीस किलो, शेपटी सतत हलती. धोका दिसला की चिंकारा शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि मग पळतो. छायाचित्रकाराच्या वाट्याला शिंक येते, चित्र येत नाही. पाण्यावाचून चिंकारा बरेच दिवस पाल्यातल्या ओलीवर काढू शकतो, तरी उन्हाळ्यात वनविभाग टँकरने पाणवठे भरतो. या काळात पाणवठ्याशी चिंकारा, ससा आणि तितर यांची पाळी ठरलेली असते, आणि नळकोंडाळ्यावर दिसणारी भांडणे तेथे होत नाहीत. याखेरीज खोकड, तरस आणि लांडगा. लांडग्याचा मुक्काम धनगरांच्या मेंढरांवर अवलंबून असतो. कळप पुढे सरकला की तोही पत्ता बदलतो. पक्ष्यांत धाविक, चंडोल, खाटीक आणि हिवाळी पाहुणे म्हणून येणारे भोवत्या ससाणे.

1656 साली शिवाजी महाराजांनी सुपे आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून घेतले, तेव्हा हद्दीचा प्रश्न गावाला नवा नाही. चिंकाऱ्याला मात्र कुठलीच हद्द मान्य नाही. पाच चौरस किलोमीटरांत त्याचे भागत नाही, म्हणून रात्री तो शेजारच्या शिवारात चरून येतो. ते शिवार उघडे आहे तोवरच हे बेट चालते. भोवती तारेची कुंपणे आणि प्लॉटिंग वाढले, तर आत उरेल ती फक्त पाटी.

जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, आणि सूर्योदयाची वेळ सर्वांत बरी. गाडी कच्च्या रस्त्यावरच ठेवावी, खाली उतरू नये, पाणी सोबत न्यावे. चिंकारा बहुधा दिसतो. लांडग्याची हमी कोणी देत असल्यास देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लोकरीचे मोजे घरी ठेवावेत.